मुंगीवाल्या बाबाची पणती

कोल्हारच्या गुऱ्हाळापुढे त्या दिवशी गर्दी जमली होती ती रस प्यायला नव्हे, लघवी तपासून घ्यायला. एकाहत्तर सालचा पौष. पुणतांब्याहून बन्सीबाबा आला होता, आणि साखरेचा आजार तो एका तासात बरा करतो, असा डांगोरा पंचक्रोशीत पिटला गेला होता.

पद्धत अशी. रोग्यानं पडद्याआडून तांब्यात लघवी आणायची. बाबा ती मातीच्या मोठ्या पणतीत ओतून जमिनीवर ठेवी. गुऱ्हाळात मुंग्यांना काय तोटा? पाव तासात पणती काळी होई. मग बाबा अंगारा चाटवी, गुळाचा शिरा खाऊ घाली आणि तासाभरानं पुन्हा तांब्या भरून आणवी. या वेळी लघवी 'सिद्ध' पणतीत ओतली जाई, भोवती उदाचा धूर कोंडे आणि एक मुंगी फिरकत नसे.

"जळाली साखर! डॉक्टर खोटं बोलेल, मुंगी नाही बोलणार. गोळ्या प्रवरेत सोडा आणि गोड पोटभर खा. गोड म्हणजे देवाचा नैवेद्य!"

ती सिद्ध पणती तो रोग्याला देव्हाऱ्यात ठेवायला देई.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी पुणतांब्यात राहणाऱ्या माझ्या आईनं माझं ऐकलं नाही, या माणसाचं ऐकलं. गोळ्या सोडल्या, शिरा धरला. टाचेची जखम चिघळली, पाय काळा पडला आणि चार महिन्यांत ती गेली. तेराव्याच्या दिवशी मी तिच्या देव्हाऱ्यातल्या पणतीत तेलवात लावली. पणती तापली आणि तिच्या बुडातून रॉकेलचा वास सुटला. त्या क्षणी माझं रडणं थांबलं. तेव्हापासून मी बाबाची वाट पाहत होते.

त्या दिवशी त्याच्यापुढे माझी शेजारीण साळूबाई बसली होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि तिच्या घरातून बाजरी गेली. भाकरी म्हणे गरिबाचं खाणं. दोन्ही वेळा पोळी, वर गूळ-तूप, दिवसातून आठ वेळा पाकासारखा चहा, आणि शेतातल्या कामाला गडी. आता अंगठ्याला जखम होती आणि ती भरत नव्हती.

"साळूबाई, गोळ्या घेतल्या का?"

"कशाला आता? दुसऱ्या पणतीला मुंगी न्हाई लागली. तुमीच बगितलं की, शोभाबाई."

मी उठले. "बाबा, मलाही तपासा."

पडद्याआड गेले. पदराखाली काकवीची बाटली होती. थोडी काकवी तांब्यात ओतली, पाणी घातलं आणि बाहेर आणली. मुंग्या धावल्या. बाबानं डोळे मिटले. "अरेरे! बाई, तुमच्या देहात अख्खा साखर कारखाना आहे." मग अंगारा, शिरा, आणि तासाभरानं माझा दुसरा तांब्या. सिद्ध पणतीच्या काठापाशी येऊन मुंग्या वळल्या.

"जळाली! कणभरही उरली नाही."

"नक्की?"

"मुंगीला विचारा."

तांब्यात उरलेलं मी सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. बायकांनी तोंडाला पदर लावले. तळाशी थोडं ठेवून तांब्या मी साळूबाईपुढे धरला.

"शिव शिव! बाई, डोकं फिरलं का तुमचं?" ती म्हणाली. मग तिनं वास घेतला आणि भीत भीत बोट जिभेला लावलं. "आगं बया, ही तर काकवी हाय."

"दोन्ही वेळा काकवीच होती. बाबांनी तिचाही आजार बरा केला."

सिद्ध पणती रिकामी करून मी चुलाणाच्या तोंडाशी ठेवली. ती तापली. गूळ करणारा भीमा नाक दाबून म्हणाला, "रॉकेल!"

मुंग्या चढू नयेत म्हणून गुळाच्या मांडणीचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवायचे, हे कोल्हारातली प्रत्येक बाई रोज करते. तीच युक्ती बाबानं मातीत मुरवली होती आणि वास धुरात लपवला होता.

साळूबाईचा मुलगा मच्छिंद्र हात उगारून पुढे आला. मी त्याला अडवलं, ते दयेपोटी नव्हे. मार खाल्ला की असा माणूस आठ दिवसांत पुन्हा संत होतो. ज्यांना पणत्या मिळाल्या होत्या, त्यांना मी त्या घरून आणायला लावल्या. बाबानं एकेक पणती आपल्या हातानं तापवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "यात रॉकेल आहे. तुमची साखर जळालेली नाही." शेवटची पणती मी माझ्या पिशवीतून काढली.

"ही कोणाची?" त्यानं विचारलं.

त्याला नावही आठवत नव्हतं. आईचं नाव मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि मग त्याला पोलीसपाटलाच्या हवाली केलं. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या यज्ञेश्वर डॉक्टरांनी साळूबाईची लघवी निळ्या औषधात उकळली. औषध विटेसारखं लाल झालं. साखर होती तिथेच होती. ते मच्छिंद्रला म्हणाले, "हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून तू आत्ताच सांभाळ. एकट्या गुळानंच तो होतो असं नाही. गरजेपेक्षा जास्त खाणं, रोजचं गोड, सुटलेलं पोट आणि बसून राहणं, यांनी धोका वाढतो. भाकरीसुद्धा बेतानं खा. पालेभाजी, कडधान्य खा. शेतावर चालत जा. झालेला आजार अंगाऱ्यानं जात नाही. पथ्य आणि औषध, दोन्ही लागतात."

साळूबाईचा अंगठा कापावा लागला. पाय वाचला. आता ती बाजरी स्वतः निवडते आणि चहा बिनसाखरेचा पिते, तोंड वाकडं करून का होईना.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी भांडं उलटं करून बघा. आणि तुमच्या गावात कोणी पणत्या घेऊन आलाच, तर मला एक पोस्टकार्ड टाका. काकवीची बाटली मी भरून ठेवली आहे.