अठरा खेपा

आमचे हे जंगलात पाहुण्यांना पक्षी दाखवतात. त्यांचं आवडतं पाखरू धनेश. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. मग पिवळ्या चोचीचा नर त्या फटीतून तिला फळं भरवतो, दिवसाला अठरा खेपा. हे असं रंगवून सांगतात की वाटावं, फळं हेच भरवून आले. पाहुण्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे खाऊ का गिळू अशा नजरेने बघतात.

यंदा माझं पोटाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस उशाशी माझी वहिनी बसली. हे एकदाही फिरकले नाहीत. धनेशाची पिल्लं ढोलीतून बाहेर पडायच्या बेतात होती, खेपा मोजायला दुसरं कोण होतं?

डिस्चार्ज मिळाल्यावर वहिनीने मला बसमध्ये बसवून दिलं. टाके सांभाळत घर गाठलं, तर व्हरांड्यात एक पाहुणी चहा पीत होती. म्हणाली, "इतका हळवा नवरा मिळायला नशीब लागतं हो."

तेवढ्यात हे बाहेर आले.

"बरं झालं आलीस. दुर्बीण पुसायचं फडकं कुठे ठेवलंयस? आठ दिवस शोधतोय."