गुडघ्याची गोळी

माझ्या सासूबाईंशी, सीताबाईंशी, वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. तरी त्या दिवशी मी घातलाच. दुपारी शेलार गावाला मुलींच्या कबड्डीची फायनल, माझी लेक मृणाली चढाईला पहिली, आणि नेमकी सकाळी तिची पाळी आली. हा शब्दसुद्धा आमच्या घरात मोठ्याने बोलायचा नाही, 'बाहेरची झाली' म्हणायचं. पोर ओटीवर वेगळ्या गोधडीत पोट धरून पडली होती.

भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. दुखायला लागलं की लगेच घे, पण काहीतरी खाऊन, असं बजावलं होतं. पण पाकीट सासूबाईंनी पानाच्या डब्यात दडवलेलं!

"आई, गोळी द्या. तिला खेळायचंय."

"सोसायचं. आमी न्हाय सोसलं? गोळ्यांनी कूस सुकते."

माझं डोकंच फिरलं. डबा ओढून उपडा केला. सुपारी, कात आणि गोळ्यांची दोन पाकिटं पडली. एक मृणालीचं, एक सासूबाईंच्या गुडघ्यांचं. नावं वाचली आणि मला हसूच फुटलं.

"अहो, एकच गोळी आहे ही! गुडघा काय नि पोट काय, ठणका उतरवते. तुम्ही वर्षभर गिळताय!"

त्यांना वाचता येत नव्हतं, पण गुलाबी रंग ओळखीचा होता. दोन्ही पाकिटं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माजा गुडगा दुखला तं मी सोसत न्हाय. आन् या पोरीला..." डोळे भरले त्यांचे.

गुडघे धरत उठल्या, भाकरी-दूध घेऊन ओटीवर गेल्या. "आदी खा. उपाशीपोटी घेतली तं आग पडते, मला म्हाईत हाय."

गोळी द्यायला हात पुढे केला, तशी मृणाली मागे सरकली. "आजी, शिवशील मला!"

"शिवू दे गो. नात हायस माजी, विस्तव न्हाय."

आणि कुशीतच घेतलं तिला. मला इतकं भरून आलं, की मी उगाच भांडी वाजवत बसले.

दुपारी मृणालीने पहिल्याच चढाईत दोघींना बाद केलं. सासूबाई खुर्चीवरून उठून ओरडल्या, "माज्या गोळीवर खेळते हाय पोर!"

"कसली गोळी, सीताआजी?" मागून गावच्या बाळारामने विचारलं.

सासूबाई वळल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाळीची!"