भिंत ओझं घेत नाही

आमचं घर श्वास घेतं, असं इथल्या डोंगरात सगळेच म्हणतात. हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या भावंडाच्या, काड्यांचा चुरा चुन्यात कालवून भिंती भरल्या की त्या पावसाळी हवेतली ओल आत ओढतात आणि कोरड्या दिवशी बाहेर सोडतात. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब, वणव्यालाही दाद देत नाहीत. गावातले टवाळ म्हणतात, "तुमचं घर पेटलं तर सगळं खोरं खिदळत सुटेल." या झाडाला नशा नसते, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

पण या भिंती आवाजही गिळतात. विनी झाल्यापासून मला ते खुपू लागलं. ती शेजारच्या खोलीत टाहो फोडत असली तरी स्वयंपाकघरात काही पोचत नाही. म्हणून मी तिचं दार सताड उघडं ठेवते आणि सारखी जाऊन तिचं पोट वरखाली होतंय ना ते बघते.

"श्वास मोजतेस की काय, थिया?" फर्गस, माझा नवरा, चिडवतो.

"तू झोपतोस ना ढाराढूर. मग कुणीतरी बघायला नको?"

यंदाच्या मोठ्या पावसानंतर विनीच्या पाळण्यामागच्या कोपऱ्यात ओल उमटली. आधी वर दोन गोलाई, माणसाच्या खांद्यांसारख्या. मग दोन्हीकडून खाली उतरलेल्या बाह्या. डोकं नव्हतं. मी पाळणा ओढून समोरच्या भिंतीशी नेला. त्याने झालं एवढंच, की विनीला ती ओल आता समोर दिसू लागली. रडता रडता ती तिकडे बघायची, गप्प व्हायची आणि हात हलवायची.

"पन्हळ तुंबलीय त्या कोपऱ्यावरची," फर्गस म्हणाला. "साफ करतो. वाळेल."

पन्हळ साफ झाली. सगळं घर वाळलं. तेवढा कोपरा वाळला नाही. मग त्या खोलीचं दार अडकू लागलं, जणू वरून चौकट दबत होती, आणि माझी झोप उडाली.

चार वर्षांपूर्वी भिंती भरायला आम्ही इर्जिक घातली होती. खोऱ्यातली माणसं आली, कुणी कालवत होतं, कुणी फळ्यांच्या साच्यात ओतून चोपत होतं. फर्गस घसा ताणून सांगत होता, "ही भिंत स्वतःला सावरते, बस! ओझं घेत नाही. छप्पर खांबांवर आहे, खांबांभोवती नीट चोपा!" आमच्याकडे साचा भरताना प्रत्येकजण आत काहीतरी टाकतो. शिंपला, नाणं, मुलाचा दुधाचा दात. त्या कोपऱ्यात नोरीन होती, खालच्या वळणावरची शेजारीण. आमचे सगळे खांब तिच्या क्लाइव्हने उभे केले होते. भिंती भरायच्या आधीच त्याच्या हृदयाने दगा दिला. "हा कोपरा माझा," ती म्हणाली, आणि कुणीही तिच्या आड आलं नाही.

तेव्हापासून ती भोपळ्याचे स्कोन, छोटे गोड पाव, घेऊन येते आणि चहाचा कप धरून त्याच खोलीत बसते, पाठ त्या कोपऱ्याला टेकून. त्या दिवशी मी आत आले तेव्हा तिने गाल भिंतीला लावला होता.

"नोरीन, इथे काय टाकलं होतंस तू?"

"सगळ्यांनी काही ना काही टाकलं, गं."

"तू काय टाकलंस?"

तिने कप खाली ठेवला. "क्लाइव्हचा कोट. पावसाळी, तेल पाजलेला. खांबाला खिळा होता, त्यालाच अडकवला. तोच आत गेल्यासारखा वाटला मला. उभा."

भिंत श्वास घेते, पण तेल पाजलेला कोट घेत नाही. चार पावसाळ्यांची ओल त्याच्या आड अडली असणार, लाकडाला चिकटून. मी फर्गसला हाका मारल्या.

"एका कोटाने घर पडतंय होय?" तो हसतच हातोडा घेऊन आला. "काढून टाकू, झालं."

मी विनीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. गिलावा फुटला, चुरा ढासळून खाली आला आणि आतून कोट दिसू लागला. कॉलर रिकामी, बाह्या सरळ. चुना त्यात मुरून तो ताठ झाला होता. ओल्या तेलाचा आणि तंबाखूचा वास खोलीभर पसरला. फर्गसने पुढची बाजू उचकटली आणि त्याचं हसू मावळलं.

आत खांब नव्हता. खांद्यांपासून कंबरेपर्यंत नुसती तपकिरी भुकटी. वरचं थोटूक तेवढं शाबूत होतं, आणि त्याचं टोक कोटाच्या खांद्यांवर टेकलं होतं.

"तुळईने बाजूच्या खांबांवर वाटून दिलं असेल ओझं," फर्गस पुटपुटला. कुणाला सांगत होता कोण जाणे.

"मग दार का अडकलं?"

फर्गसने कोट ओढायला हात घातला.

"थांब!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. नोरीन तर उठून मध्ये उभी राहिली.

"आधी टेकू लाव," मी म्हणाले. "मग त्याला सोडव."

'काढ' नाही, 'सोडव' म्हणाले मी, माणसाबद्दल बोलावं तसं. कुणीही माझी चूक काढली नाही.

फर्गसने शेडमधून दोन लोखंडी टेकू आणले, तुळईखाली उभे केले आणि आटे फिरवू लागला. वर लाकूड करकरलं. तुळई केसभर उचलली गेली, आणि कोट ढिला पडला. आधी बाह्या, मग खांदे. कुणाचाही हात लागलेला नव्हता. भिंतीतून हवेचा एक लांब, थंड झोत आमच्या अंगावरून बाहेर गेला.

"बस झालं, क्लाइव्ह," नोरीन म्हणाली. "आता फर्गसने धरलंय."

विनी त्या कोपऱ्याकडे बघत होती. तिने हात हलवला नाही. ती रडायला लागली, आणि फुटक्या भिंतीतून तो आवाज सगळ्या घरात घुमला.

आम्ही नवा खांब बसवला, कोपरा पुन्हा भरला, आणि या वेळी कुणालाही आत काही टाकू दिलं नाही. दार सहज लागतं. कोट नोरीनने नेला. मी स्कोनची थाळी परत द्यायला गेले तेव्हा मला वाटलं, खुंटीला लटकत असेल. खुंटी मोकळी होती. तिने तो पलंगावर, क्लाइव्ह झोपायचा त्या बाजूला, आडवा निजवला होता, पांघरूण घालून.

"हळू बोल," ती म्हणाली. "दमलाय."