ओलं गोणपाट

गोणपाटाचं एक टोक वाळून वर वळलं होतं, आणि त्याखालचं काँक्रीट बाकीच्यापेक्षा फिकट दिसत होतं. तिने पाइप तिकडे वळवला. आत छकुली झोपली होती — झोपली असावी. पाणी जिरेपर्यंत इथंच थांबायला हवं, असं तिने स्वतःला बजावलं, दारापुढची ही जमीन ओतल्यापासून रोज बजावत आली होती तसं : वरचा थर आधी सुकला तर आवळतो, मग तडकतो. म्हणून सकाळी पाणी, दुपारी पाणी, छकुली रडायला लागली की हमखास पाणी.

"पोटच्या पोरीसारखं जपतेस गं त्या सिमेंटला," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. छकुली त्यांच्या कडेवर होती. म्हणजे जागीच होती.

ती हसली. पोटच्या पोरीसारखं... त्या दिवशी छकुलीला घेऊन पायरी उतरताना हात सुटतील असं वाटलं होतं — वाटलं नव्हतं, दिसलंच होतं : ते इवलं डोकं, अजून न भरलेली टाळू, आणि खाली हे राखाडी, टणक. हात घट्टच होते, इतके की छकुली कळवळली. पण मी पाहिलं ना ते? ज्या आईला असं दिसतं, ती...

जेवताना नवऱ्याने सांगितलं की गवंडी म्हणतोय, पाणी पुरे झालं, आज गोणपाटं काढा. आणि उद्या सकाळी आईला गाडीत बसवून द्यायचंय. दोन्ही एकाच घासात. गवंड्याने जमिनीत मुद्दाम पाडलेल्या सरळ खाचा सासूबाईंना खटकत होत्या — नवीकोरी जमीन चिरून ठेवायची आणि मुंग्यांची सोय करायची, त्यापेक्षा बुजवून टाका म्हणाल्या.

"आई, भेग पडायची ती पडणारच," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आखून दिलेल्या जागी पडली म्हणजे झालं. खाच बुजवली तर कुठूनही फुटेल."

"तुमच्याकडे भेगेलासुद्धा शिस्त," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला आणखी भात वाढला.

संध्याकाळी गोणपाटं निघाली. तिने वाकून, बोट फिरवून पाहिलं. कुठं, खाचांतसुद्धा, केसाएवढीही चीर नव्हती, आणि तिला धस्स झालं. बाळंतपणातून किती छान सावरलीस, असं तिलाही सगळे म्हणत होतेच की. आता बाहेर यायला निमित्त उरलं नव्हतं... पाइप गुंडाळून भिंतीला टांगलेला.

सासूबाई पिशवी भरत होत्या. ती दारात उभी राहिली.

"आई, आणखी थोडे दिवस राहाल?"

"का गं? जमिनीचं काम तर झालं."

हो, पण अजून पाणी घालावं लागेल — हे जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"मला तिच्याजवळ एकटीला... भीती वाटते. माझीच."

सासूबाईंचे हात घडीवरच थांबले. त्या आता काय विचारतील, लेकाला हाक मारतील, की छकुलीला उचलून पलीकडे नेतील — काहीच कळेना. छातीत मात्र काहीतरी सरळ रेषेत उसवत खाली चाललं होतं, आणि ते धरून ठेवायला, कितीतरी दिवसांनी, तिने हात नेला नाही.