मी साधी जाळी, माझ्या पोटात औषधाची

मी एक जाळी आहे. साधी, बिनऔषधाची. दवाखान्यात मला स्टेंट म्हणतात, घरोघरी स्प्रिंग. पेनातली स्प्रिंग असते ना, तेवढीशी. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हृदयाच्या नळीत मी बसलेय, आणि खोटं कशाला बोलू, माझा केसानं गळा कापलाय.

पहिल्यांदा तिची नळी तुंबली तेव्हा पित्ताशयाचं ऑपरेशनही ठरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "साधीच बसवू. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी एक गोळी महिन्याभरात बंद करता येईल, म्हणजे ऑपरेशनला अडचण नको."

फुगा फुगवून मला उघडलं, मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. रक्त मोकळं वाहू लागलं. महिना भरला तशी बाईनं ती गोळी सोडली, ऑपरेशनही पार पडलं. "माझी स्प्रिंग गुणाची हो," असं सगळ्यांना सांगायची.

पण जिला आधार दिला ती नळीच उलटली. तिचं मांस माझ्या तारांमधून आत आत वाढत आलं. मला आधी वाटलं, माया करतेय. मग रस्ताच बुजला. आठ महिन्यांत बाई चार पायऱ्या चढली की छाती धरून बसायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" बोल मला लागला. माझा काय गुन्हा?

मग डॉक्टरांनी माझ्याच पोटात दुसरी बसवली. औषध लावलेली. माझी सवतच म्हणा. "हिच्या औषधानं मांस वाढत नाही," ते म्हणाले, "पण त्यामुळेच तार झाकायलाही वेळ लागतो, आणि उघड्या तारेवर रक्त गोठतं. तेव्हा काकू, दोन्ही गोळ्या वर्षभर. एक दिवस चुकवायचा नाही."

बाईनं 'औषध' एवढंच ऐकलं. शेजारणीला म्हणाली, "आता गोळ्या कशाला गं? औषध आतच बसवलंय की!"

तरी महिनाभर घेतल्या. मग एकदा काजं करताना सुई टोचली आणि रक्त थांबेना. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर डाग पडला. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, शिवता की बकरं कापता?" त्याच दिवशी तिनं दुसरी गोळी सोडली. "मागल्या वेळी महिन्यातच सोडली होती, काय झालं?" म्हणे.

म्हणजे माझा दाखला देऊन! माझी सवय तिनं सवतीला लावली.

नवरा रोज विचारायचा, "अगं, दोन्ही घेतल्यास?"

"घेतल्या हो. तुम्ही तुमची घड्याळं बघा, माझी टिकटिक मी बघते."

खोटं बोलताना तिचं हृदय जरासं अडखळायचं. मी शेजारीच, मला कळायचं. पण तारेला तोंड कुठलं?

गोळी सोडल्यापासून अठराव्या दिवशी इस्त्री करता करता ती कोसळली. सवतीच्या तारेवर गुठळी झाली होती. डॉक्टरांनी धावपळ करून नळी उघडली. बाई वाचली, हृदयाचा एक कोपरा मात्र कायमचा गेला.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," नवरा छातीठोकपणे म्हणाला. "मी स्वतः विचारतो."

बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नवऱ्यानं ते पाहिलं.

बाबांनो, तुमच्यात जाळी बसवली असेल तर ती कुठली, गोळ्या किती दिवस, हे डॉक्टरांना धड विचारून घ्या. एकीचा नियम दुसरीला लावू नका. आणि गोळी सोडावीशी वाटली, तर आधी त्यांना सांगा.

आम्ही दोघी आता एकीत एक अडकून बसलोय. बाहेर रोज सकाळी नवरा पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहतो.

"गीळ. आता तोंड उघड. जीभ वर कर."

"अहो, मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर विश्वास ठेवला असता."