मागच्याचा उजवा पाय

सकाळी झाडून घेतलेल्या मैदानावर सरावाच्या पहिल्या फेरीचे ठसे स्वच्छ उमटले होते. लुसुंगूने वाकून पाहिलं. रांगेतल्या पहिल्या माणसाचं पहिलं पाऊल डावं. त्याच्या मागच्याचं उजवं. तिसऱ्याचं पुन्हा डावं, चौथ्याचं उजवं. रांग संपेपर्यंत असंच. कुणाचा पाय चुकला असता तर ठसे मध्येच कुठेतरी विस्कटले असते. हे कुठेच विस्कटले नव्हते. शिकवल्याशिवाय इतकी नेमकी चूक होत नाही, असं तिला वाटलं.

लुसुंगू म्झुझू शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि सुट्टीत सरोवराकाठच्या या गावी यायची. मालिपेंगाचा नाच ती जन्मापासून पाहत आली होती. पांढऱ्या अर्ध्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंत मोजे, ओठांशी भोपळ्याची तुतारी, आणि पलटणीच्या कवायतीसारखे नाचत जाणारे पुरुष. काठावरच्या प्रत्येक गावाचं आपापलं पथक, आणि प्रत्येक पथकात कॅप्टन, सार्जंट, डॉक्टर. बाकीच्या पथकांत सगळ्यांचा एकच पाय एकदम पडे. फक्त या गावच्या पथकाचंच असं उलटं चाले.

पथक उभं केलं होतं तिच्या आजोबांनी, येसाया लोंग्वे यांनी. मोठ्या लढाईत ते ब्रह्मदेशाला जाऊन आले होते, म्हणून गाव त्यांना सार्जंट म्हणे. आता ते नव्हते आणि पथकाची सूत्रं तिच्या वडिलांकडे, हेझेकियांकडे आली होती. सूत्रांबरोबर एक प्रश्नही आला होता आणि तो गेले कित्येक दिवस सुटत नव्हता.

"अदा, काय ठरलं?" तिने वडिलांना विचारलं.

"बघू," हेझेकिया म्हणाले.

"बघू बघू म्हणता म्हणता नोव्हेंबर येईल," शेजारून कॅप्टन चिउमिया म्हणाला. एरवी तो सायकली दुरुस्त करायचा, पण मोजे चढवले की त्याची मान ताठ व्हायची. "जिल्ह्याचे साहेब रोज फोन करतायत. यंदा जुन्या सैनिकांच्या स्मरणदिनाला तुमच्या वडिलांचं नाव वाचणार आहेत, आपलं पथक संचलन करणार आहे. त्यांची अट एकच. पाय एक करून या. खरे शिपाई बघत असतील तिथे. मी म्हणतो, हो म्हणून टाका."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नुसतं नाव वाचतील आणि आपण मागे उभं राहून टाळ्या वाजवू."

हेझेकिया हातातली तुतारी पुसत राहिले. त्यांच्या अडून बसण्याचं कारण लुसुंगूला माहीत होतं. खाडीपलीकडच्या गावच्या बायका त्यांच्या लहानपणापासून एक टोमणा गात आल्या होत्या. यांचा सार्जंट ब्रह्मदेशात भांडी घासत होता, त्याला डावा-उजवा कोण शिकवणार! आता पाय सुधारले तर तो टोमणा खरा होता असं आपणच कबूल करायचं. तसेच ठेवले तर साऱ्या जिल्ह्यासमोर, गणवेशातल्या माणसांसमोर हसं करून घ्यायचं. आजोबांनी स्वतः कधी काही सांगितलं नव्हतं. लढाईबद्दल विचारलं की ते जळवांबद्दल आणि चिखलाबद्दल बोलत. किती जणांना मारलंत असं पोरांनी विचारलं की म्हणत, "चला, तुताऱ्या उचला."

"पण त्यांनी असं का शिकवलं असेल?" लुसुंगू म्हणाली.

"झालं सुरू मास्तरीणबाईंचं," कॅप्टन म्हणाला. "अहो, माणूस चुकतो. देवाघरी गेलेला असला म्हणून काय झालं?"

"एकदा चुकतो. सगळ्या रांगेला धरून, एक माणूस सोडून एक, असं नाही चुकत."

"मग काय होतं ते?"

"तेच तर मला कळत नाहीये, काका."

दुपारी सराव संपायच्या बेताला घरून थोबवा आणायचा होता. मक्याचं ते गोडसर पेय सगळ्यांना लागायचं, आणि हंडा मोठा होता. हंड्याच्या कानांतून दोर ओवून तो बांबूला टांगला आणि बांबूचं एक टोक लुसुंगूने खांद्यावर घेतलं, मागचं कॅप्टनने.

"डावा, उजवा, डावा," कॅप्टनने मागून सवयीने सुरू केलं. त्याच्या तालावर तिचाही पाय पडू लागला. चार पावलं गेली नाहीत तोच हंडा झोके घ्यायला लागला आणि थोबवा तिच्या टाचेवर सांडला.

"सावकाश!"

"मी सावकाशच चाललोय. तुम्हीच हिसके देताय."

"मी नाही देत. बांबूच देतोय."

ती थांबली. बांबू खांद्यावरून उतरू न देता तिने मागे वळून हंड्याकडे पाहिलं. चालताना दोघांचेही खांदे एकाच क्षणी वर जात होते, एकाच क्षणी खाली येत होते. बांबू त्याच तालात लवत होता आणि हंडा प्रत्येक पावलाला नवा धक्का घेत होता. झोपाळ्यावर बसलेल्याला दोघांनी मिळून एकाच वेळी ढकलावं तसं.

"काका, पाय बदला. मी डावा टाकला की तुम्ही उजवा टाका."

"मी? मी कॅप्टन आहे, बाई."

"नाचताना तेच तर करता ना? तसंच करा."

"नाचताना गोष्ट वेगळी," असं म्हणत त्याने पाय बदलला. काही पावलं दोघंही अडखळले. मग चाल लागली. हंडा अजूनही हलत होता, पण झोके घेत नव्हता. सारवलेल्या अंगणातून, दगडांच्या उतारावरून, थेट मैदानापर्यंत तो जवळजवळ न सांडता आला.

बांबू खाली ठेवून लुसुंगू तशीच उभी राहिली. कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? पाय दुखला का?"

"काका, दोन माणसांनी मिळून उचलायची अशी कोणती वस्तू आहे, जी हलली तर चालतच नाही?"

"काचेचं कपाट," कॅप्टन लगेच म्हणाला. मग जरा थांबून हळूच म्हणाला, "आजारी माणूस."

आगोगो न्यामांडा, म्हणजे येसायांची बायको, ओसरीवर पाय पसरून उसिपाचे वाळलेले मासे निवडत बसली होती. लुसुंगू तिच्यापुढे बसली. हेझेकियाही येऊन दाराशी उभे राहिले. कॅप्टनलाही कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आला.

"आगोगो, आजोबांनी कधी कुणाला झोळीत घालून नेलं होतं का?"

"मला नेलं होतं की," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "आजा लढाईहून आला त्याच्या पुढच्या वर्षी. हा तुझा बाप आडवा आला होता पोटात. मिशनचा दवाखाना डोंगरापलीकडे. बांबूला झोळी बांधली, तुझा आजा पुढे आणि माझा भाऊ मागे. आणि हा माणूस सारखा ओरडतोय, उजवा! तुझा उजवा टाक रे, गाढवा! मी इथे कळा सोसतेय आणि हे दोघे पायांवरून भांडतायत."

कॅप्टन फस्सकन हसला.

"हस, हस. माझा भाऊही म्हणाला होता, भाऊजी, आपण हिला नेतोय की कवायत करतोय? तर हा म्हणतो कसा, बरोबर चाललास तर हिला त्रास होईल, चुकीचा चाल." म्हातारीने एक मासा बाजूला टाकला. "मला वाटलं, घाबरून डोकं फिरलंय याचं. पण डोंगर उतरताना मला झोप लागली होती बघ. तशा कळांत झोप!"

"तेव्हा आपलं पथक होतं?" लुसुंगूने विचारलं.

"कुठलं गं! पथक याच्या जन्मानंतर."

हेझेकियांनी दाराची चौकट धरली होती.

"लुसू," ते म्हणाले, "म्हणजे माझा बाप तिकडे जखमींना वाहत होता."

"तसं सिद्ध होत नाही, अदा," ती म्हणाली. खात्री नसेल तितकं सोडून द्यायची तिला सवय होती. "इतकंच म्हणता येईल की त्यांना डावा-उजवा पक्का कळत होता, आणि दोघं वाहत असतील तर पाय मुद्दाम उलटा टाकायचा हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. एक-दोनदा करून असं मुरत नाही."

"म्हणजे बंदूक नाही?" कॅप्टन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मग आपलं गाणं? सार्जंटने गोळी झाडली आणि टेकडी घेतली, त्याचं काय? आपण तर गावोगाव गाऊन आलोय ते."

"ते गाणं कुणी रचलं?" लुसुंगूने विचारलं.

"मी रचलं," कॅप्टन म्हणाला. "म्हातारा कधी नको म्हणाला नाही."

"हो तरी म्हणाला का?" आगोगो म्हणाली.

कॅप्टनने मोजा वर ओढला. मग हेझेकियांकडे वळून, या वेळी अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "नीट विचार कर, हेझे. सार्जंटला सलाम ठोकतात. हमालाला कोण ठोकतं? पलीकडच्या बायका नवं गाणं बांधतील. भांडी घासणारा नाही, तर ओझी वाहणारा."

"बांधतील," हेझेकिया म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि लगेच तुटला. गावात नेटवर्क फक्त पाण्यालगतच्या मोठ्या खडकावर मिळायचं. ते तिकडे चालू लागले. लुसुंगू मागोमाग गेली. तिच्या मागे कॅप्टन, आणि बऱ्याच अंतराने, काठी टेकत, आगोगो.

खडकावर चढून हेझेकियांनी नंबर लावला. वारा होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं.

"हो साहेब, लोंग्वे बोलतोय. हो, उशीर झाला, चूक माझी." ते ऐकत राहिले. लुसुंगूला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. "नाही, सराव थांबलेला नाही. पायाचं विचारताय ना? तेच सांगतोय."

त्यांनी एकदा वळून आपल्या आईकडे पाहिलं. ती खडकाखाली धापा टाकत उभी होती.

"आमचं पथक येईल, साहेब. पण पाय एक करणार नाही. पुढच्याचा डावा पडेल आणि मागच्याचा उजवा, माझा बाप ठेवून गेला तसाच. आणि नाव वाचाल तेव्हा सार्जंट म्हणू नका. माणसं वाहून आणणारा येसाया लोंग्वे, असं म्हणा."