हलकं पेडल

आर्विला स्टॉफरचं डोकं त्या शुक्रवारी सकाळपासून फिरलेलं होतं, आणि ते फिरवणारा माणूस तिच्याच गॅरेजच्या दारात, तिनंच दिलेली कॉफी पीत उभा होता. हा ड्वेन, तिचा धाकटा दीर. स्मशानभूमीच्या समितीचा निरोप घेऊन आला होता.

"उद्या दुपारपर्यंत गवत कापून झालं नाही तर ते शहरातल्या कंत्राटदाराला बोलावणार आहेत," तो म्हणाला. "सोमवारी डेकोरेशन डे. गावभरचे लोक फुलं घेऊन थडग्यांवर येणार. मी आपला निरोप्या."

"निरोप्या म्हणे. ट्रॅक्टरची वाट कुणी लावली, ते सांगितलंस का समितीला?"

ड्वेननं उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

टेकडीवरच्या त्या स्मशानभूमीतलं गवत स्टॉफरांनीच कापायचं, हे ऑर्विलच्या आजोबांपासून चालत आलेलं. ऑर्विल म्हणजे आर्विलाचा नवरा. फेब्रुवारीत गेला आणि तिथेच वरच्या रांगेत त्याला पुरलं. त्याच्यावर उगवलेलं पहिलंच गवत भाड्याच्या माणसानं कापायचं? मग आपण मागे राहिलो कशाला, असं तिला होत होतं. पण गवत कापायचा त्यांचा बासष्ट सालचा छोटा ट्रॅक्टर काल टेकडीच्या निम्म्यावरच थांबला. इंजिन बोंबलतंय आणि चाकं ढिम्म. क्लच घसरत होता.

तो क्लच कुणी जाळला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी ऑर्विलला पक्षाघाताचा झटका आला, डावा पाय अधू झाला, आणि त्याच उन्हाळ्यात हा बहाद्दर आजारी भावाचा ट्रॅक्टर जत्रेतल्या वजन ओढायच्या शर्यतीला म्हणून घेऊन गेला. आठवड्यानं आणून लावला. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोललेली नव्हती. नाताळला जेवायला बोलवायची, नाही असं नाही, पण टर्कीचा सगळ्यात कोरडा तुकडा नेमका त्याच्या ताटात पडायचा.

तिनं सीटखालचं झाकण काढलं आणि शाफ्टची पिन ठोकायला घेतली. पिन गंजून बसली होती. प्रत्येक घावाला तिला ड्वेनचं टाळकं दिसत होतं, म्हणून असेल, पण पिन लवकर निघाली. शाफ्ट सरकवून तिनं क्लच बाहेर काढला. प्लेटचं लायनिंग झिजून कागदाएवढं पातळ उरलं होतं, वर काळं आणि गुळगुळीत.

"बघ. खाक केलीस."

"हो. माझंच चुकलं," ड्वेन म्हणाला.

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. हे असलं मुकाट कबूल करणं म्हणजे तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला पुरेसं होतं. "चुकलं म्हटलं की झालं? मेलेल्या माणसाला वर जाऊन सांग, चुकलं म्हणून."

नवी प्लेट तिनं आणूनच ठेवली होती. स्प्रिंग मात्र जुनीच घालायची, म्हणून ती फडक्यानं पुसायला घेतली आणि तिचा हात थांबला. टोकाचा वेढा ग्राइंडरनं कापलेला होता. कापल्या जागी अजून निळसर डाग होता. ऑर्विलच्या जुन्या पुस्तिकेत स्प्रिंगचं चित्र होतं, त्याच्याशी तिनं वेढे मोजून पाहिले. दोन कमी.

"स्प्रिंगही कापलीस? शर्यतीच्या हौसेपायी? अरे, जनाची नाही तर मनाची तरी..."

तिनं स्प्रिंग बोटांत धरून दाबून पाहिली. चाळीस वर्षं ऑर्विलच्या हातात पाने-पक्कड देत आली होती, एवढं तिला कळत होतं. शर्यतवाले स्प्रिंग ताठ घालतात, क्लचनं घट्ट धरावं म्हणून. मऊ करणारा पहिल्याच ओढीला घसरेल. कापलेल्या स्प्रिंगचा फायदा एकच, पेडल हलकं होतं. आणि क्लचचं पेडल डाव्या पायाशी असतं.

"शर्यतीत कितवा आलास रे?"

"गेलोच नव्हतो."

"स्प्रिंग कापायला त्यानं सांगितलं तुला?"

"त्याच्याच्यानं पेडल दाबलं जात नव्हतं, आर्विला. कंत्राटदार तर त्याला नकोच होता. म्हणाला, तिला कळलं तर मला सीटवर बसू देणार नाही."

"नसतंच दिलं."

"तेच म्हणत होता तो."

"आणि तीन वर्षं तू माझ्या शिव्या खाल्ल्यास."

"शिव्यांचं काही नाही," ड्वेन म्हणाला. "टर्की फार कोरडी असायची."

तिला हसू आलं नाही. "दोघा भावांनी मिळून मला मूर्ख बनवलंत," ती म्हणाली आणि हातातला पाना भिंतीवर फेकला. आता राग ऑर्विलचा आला होता, आणि भांडायला तो समोर नव्हता. त्याच्यावर ओरडायचा तिचा हक्कच त्यानं चोरून नेला होता.

ड्वेन गाडीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आत अख्खी स्प्रिंग होती. "मूळची ही. कापली ती मी दुसरी आणलेली. ऑर्विल म्हणाला, मी मेलो की ही परत घाल, तिचे पाय धड आहेत. फेब्रुवारीपासून गाडीत घेऊन फिरतोय. तुझ्या दारात यायला पाय उचलत नव्हता."

"धर मग नीट," ती म्हणाली. त्यानं सगळा भार टाकून स्प्रिंग दाबून धरली आणि तिनं पिन ठोकली.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर एका दमात टेकडी चढला. पण पेडल इतकं जड, की तिसऱ्या रांगेतच आर्विलाचा धडधाकट गुडघाही दुखायला लागला. वरच्या रांगेत, ऑर्विलच्या दगडापाशी, तिनं पेडल खाली दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मांडी थरथरायला लागली तरी सोडलं नाही.

"एवढं जड होत होतं तर सांगायचं होतंस," ती दगडाला म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या. आणि मग मीच कापून दिली असती स्प्रिंग."

मग तिनं पाय उचलला आणि त्याच्यावरचं गवत कापलं.